कुंपणच शेत खाते तेव्हा

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची आवड ही सुसंस्कृत मनाची खूण होय. नाणी, ताम्रपट व पोथ्या यांच्या जोडीने अलीकडे जुने संगणकही आस्थेने जपले जाऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कपाटाला कुलूप लावले म्हणजे वस्तू जपली गेली, हा समज संगणकाच्या बाबतीत घातक ठरतो; कारण त्याचा वैरी त्याच्या पोटातच बसलेला असतो. हा वैरी म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी.

२८६, ३८६ व ४८६ या जातींच्या अनेक संगणकांत मुख्य पट्टिकेवर निकेल-कॅडमियमची लहानशी बॅटरी डाख देऊन बसविलेली असे. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि यंत्राच्या जुळणीची नोंद स्मरणात राखणे, एवढेच तिचे काम. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले की ती जीर्ण होऊन आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पाझरू लागते आणि तांब्याच्या सूक्ष्म रेषा कुरतडीत जाते. निळसर-हिरवी पुटे डोळ्यांना दिसतात, तोवर पुष्कळशी हानी झालेली असते. राखणीला घातलेल्या कुंपणानेच शेत खावे, तशातला हा प्रकार! आमच्या किलवणीसारख्या पावसाळी मुलखात दमट हवाही त्याला हातभार लावते.

एक जुने यंत्र गेले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. पण कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ झालेले आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्र आठवावे. त्याचे कार्ड याच पिढीतील संगणकांत बसवून पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटविली जात. आपली मायबोली यंत्राला कशी अवगत झाली, हे पुढील पिढीला प्रत्यक्ष दाखवायचे तर तो संगणक जिवंत हवा. त्याच्यावाचून ते कार्ड म्हणजे तेलावाचून समई!

उपाय सोपा आहे. यंत्र चालू होत असेल तर प्रथम जुळणीची नोंद, विशेषतः हार्ड डिस्कचे आकडे, कागदावर उतरून घ्यावी. मग जाणत्या माणसाकडून बॅटरी काढून टाकावी. पाझर झालाच असेल, तर तो आम्ल समजून खाण्याचा सोडा लावू नये. तो अल्क आहे. हातमोजे व चष्मा घालून किंचित व्हिनेगरने तो शमवावा, ऊर्ध्वपातित पाण्याने पुसावे आणि पट्टिका पूर्ण वाळू द्यावी. कॅडमियम विषारी असल्याने काढलेली बॅटरी केरात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी. मुलांनी हे काम एकट्याने करू नये.

बॅटरी काढल्याने वस्तूचे मूळ रूप भंगते, असा काहींचा आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे. म्हणून आधी छायाचित्र काढून ठेवावे. परंतु मूळ रूपाच्या मोहापायी मूळ वस्तूच गमावणे, हा शहाणपणा नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, कोकणपट्टीतील घरांत पाऊस येण्यापूर्वी आगोटीची बेगमी करतात. त्याच सुमारास दरवर्षी घरातील जुने संगणक, कॅमेरे, रेडिओ व खेळणी उघडून पाहावीत आणि वापरात नसलेल्या प्रत्येक वस्तूतील सेल काढून ठेवावेत. जतन म्हणजे नुसते ठेवणे नव्हे. जतन म्हणजे वेळोवेळी पाहणे होय.