ओवाळणी आणि वारसा

दिवाळीची सुट्टी संपून आमचे सल्ला केंद्र उघडले की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो. बाई बोलायला लागते ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी. नवऱ्याची दारू, मुलीची फी, सासूचे आजारपण. उठता उठता मात्र पिशवीतून घडी घातलेला कागद काढते आणि विचारते, "ताई, यावर सही करून बसलेय. आता काही करता येतं का?"

तो कागद हक्कसोडपत्राची प्रत असतो.

अशा अनेक कागदांपैकी एक मनातून जात नाही. भाऊबीजेला भाऊ स्वतः गाडी घेऊन न्यायला आला होता. भावजयीने तिच्या आवडीचा स्वयंपाक केला होता. ओवाळणीच्या ताटात साडी आणि पाकीट पडले. ओवाळून घेताना भावाचे डोळे भरून आले, हेही तिने सांगितले, आणि ते खोटे नव्हते. कचेऱ्या उघडल्या त्या दिवशी तालुक्याला जाताना वाटेत तो म्हणाला, "फक्त एक सही आहे. सगळ्यांची नावं असली की कर्जाला अडचण येते." तिने सही केली, अंगठा दिला आणि दुपारच्या एसटीने सासरी गेली. दोन वर्षांनी नवऱ्याने घराबाहेर काढले तेव्हा ती दोन मुलांना घेऊन माहेरी आली. वडिलांनी बांधलेल्या त्या घराच्या पडवीत तिला जागा मिळाली, तीही "चार दिवसांसाठी". तिचा भाऊ दुष्ट नाही. तो अजूनही दर भाऊबीजेला साडी घेतो.

दिवाळीच्या निमित्ताने आम्हांला बोलायचे आहे ते या साडीबद्दल आणि त्या सहीबद्दल. ओवाळणी ही देणाऱ्याची खुशी असते. वाटणी हा घेणारीचा हक्क असतो. आपल्या समाजाने मोठ्या खुबीने पहिलीला दुसरीच्या जागी नेऊन बसवले आहे.

बाया सही का करतात? कार्यकर्त्या म्हणून आपण चटकन म्हणतो, अज्ञान. पण सही करणाऱ्यांत शिक्षिका असतात, परिचारिका असतात, बँकेत काम करणाऱ्याही असतात. कायदा त्यांना माहीत असतो. त्यांना भीती असते ती माहेर तुटण्याची. सासरी घर तिच्या नावावर नाही, हातात पैसा नाही, उद्या काही बिनसले तर परतायला एकच दार आहे. ते उघडे राहावे म्हणून ती आपला वाटा सोडते. तिचा हिशेब मूर्खपणाचा नाही, नाइलाजाचा आहे. पण अनुभव असा की सही दिल्यानंतर त्या दाराची कडी सर्वस्वी दुसऱ्याच्या हातात जाते. मग ती आत येते ती पाहुणी म्हणून, घरची म्हणून नव्हे.

भावांचे म्हणणे असते, "तिच्या लग्नात खर्च केला, हुंडा दिला, सणवार केले." लग्नात मुलाकडच्यांनी मागितलेला हुंडा तिच्या हाती कधी पडला? मानपानावर उडालेला पैसा तिचा वाटा कसा धरायचा? आणि भावाच्या लग्नावर, शिक्षणावर, धंद्यावर झालेला खर्च त्याच्या वाट्यातून कधी कोणी वजा केला आहे का?

कायदा याबाबत आता स्वच्छ आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र केलेले नसेल तर, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र मुलगी जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून तिला तो हक्क दिला, पण ज्यांची लग्ने आधी झाली होती त्यांना वगळले. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला. २००५ साली वडील हयात नसतील तर काय, हा वाद पंधरा वर्षे रेंगाळला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात निकाल दिला की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर झालेल्या वाटण्या तेवढ्या पुन्हा उघडता येत नाहीत. म्हणजे कायद्याने लढाई बरीचशी जिंकली आहे. ती हरली जाते निरांजनाच्या उजेडात.

आणि हे फक्त भावाबहिणीत घडते असेही नाही. शासनही आता भावाच्या भूमिकेत शिरले आहे. अंगणवाडीतल्या सेविका आणि मदतनीस गावातल्या बाळांचे वजन करतात, आहार देतात, सर्वेक्षणे करतात. त्यांना वेतन नाही, 'मानधन' मिळते. दिवाळीला महाराष्ट्र शासन त्यांना दोन हजार रुपये देते, त्याचे नाव 'भाऊबीज भेट'. गिरणीतल्या किंवा कारखान्यातल्या कामगाराला मिळतो तो बोनस, कारण तो कामगार ठरतो. सेविका बहीण ठरते. याच सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. २०२४ साली राज्यात दरमहा पंधराशे रुपयांची योजना आली, तिचेही नाव 'लाडकी बहीण'. बाईच्या स्वतःच्या खात्यात पडणारा पैसा आम्ही कमी लेखत नाही. त्यातून कोणाची औषधे आली, कोणाच्या मुलीची वह्या-पुस्तके. पण नाव बघा. नागरिक बाईला हक्क असतो, लाडक्या बहिणीला ओवाळणी असते. आणि लाडकेपण कधी काढून घेतले जाईल, हे भावाच्या मर्जीवर असते.

घरातल्या दिवाळीकडे याच नजरेने पाहू. भाजणी भाजण्यापासून शेवटची करंजी तळेपर्यंतचे काम 'हौस' या खात्यात जमा होते. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनमोल कामावर बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८. हे वर्षभराच्या रोजच्या दिवसांचे आकडे आहेत. सणाच्या आठवड्यात कोणाची मिनिटे वाढतात ते सांगायला सर्वेक्षण नको. त्या घामावर उभ्या राहिलेल्या घरात अमावास्येला लक्ष्मीची पूजा होते आणि सातबाऱ्यावर मात्र घरच्या लक्ष्मीचे नाव नसते. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. यावर आपल्याच मातीत एक उत्तर शोधले गेले होते. शेतकरी संघटनेचे १९८६चे चांदवडचे महिला अधिवेशन आणि त्यानंतर १९९०च्या सुमाराचा 'लक्ष्मी मुक्ती' कार्यक्रम अनेक मैत्रिणींना आठवत असेल. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावे करायचा, असे ते आवाहन होते, आणि अनेक गावांत ते पाळले गेले. बायकोच्या नावे जमीन झाल्याने कोणाचा संसार मोडला नाही.

आता जगाकडे वळू, कारण दिवाळी आता जगाची झाली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या बैठकीत युनेस्कोने दीपावलीचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना २०२४ साली पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली. इंग्लंडमधल्या लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड दरवर्षी दिव्यांनी उजळतो. चकल्या-चिवड्याचे डबे पुण्या-मुंबईहून विमानाने जातात. आनंद आहे. पण डब्यांबरोबर परंपराही जातात, आणि त्या सगळ्याच खुसखुशीत नसतात.

नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत गेलेल्या बाईला मिळणाऱ्या एच-४ व्हिसाचे नावच 'अवलंबितांचा व्हिसा' आहे. २०१५ पर्यंत या बायांना तिथे नोकरी करण्याची मुभाच नव्हती. त्यानंतर काही अटींवर काही जणींना मिळाली. इंजिनिअर झालेली मुलगी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत दोनशे माणसांच्या फराळाचे नियोजन करते, आणि घरी छळ सुरू झाला तर तिच्याजवळ स्वतःची कमाई नसते, राहण्याचा परवानाही नवऱ्याच्या नोकरीशी बांधलेला असतो. भाऊबीजेला ती व्हिडिओ कॉलवर भावाला ओवाळते. भाऊ म्हणतो, "कागद मेलवर पाठवलेत, वकिलातीतून साक्षांकित करून कुरियर कर. तुला तिथे काय कमी आहे?" साता समुद्रापार जाऊनही वाक्य तेच राहते.

याच जगात दुसरे उदाहरणही आहे. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून मॉरिशसला गेलेल्यांचे वंशज आजही तिथे मराठीपण जपून आहेत. तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. आणि तिथल्या फ्रेंच वळणाच्या दिवाणी संहितेत आईबापांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा आहे. कायदा आहे म्हणून तिथल्या सगळ्या बायांचे सगळे ठीक चालले आहे असा आमचा दावा नाही. एवढेच म्हणायचे आहे की बहिणीच्या वाट्याने दिवाळीचे दिवे विझत नाहीत.

सण सोडा असे आम्ही म्हणत नाही. माहेरी चार दिवस निवांत झोपायला मिळणे ही कष्टकरी बाईसाठी केवढी गोष्ट आहे, हे आम्ही जाणतो. आणि सण बदलता येतो हेही ठाऊक आहे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी सुरू करून घरोघरची ओवाळणी अनाथ, विधवा मुलींच्या शिक्षणाकडे वळवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ओवाळणीच्या ताटापासून दूर ठेवलेल्या बाईला पाटाजवळ आणणे हाही सण बदलणेच आहे. भाऊबीजेच्या मूळ कथेत तर यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला जातो. बहिणीचे स्वतःचे घर आहे, हे त्या कथेत गृहीतच आहे!

म्हणून गटांनी या वर्षी काही गोष्टी कराव्यात असे सुचवतो. दिवाळीपूर्वीच्या बैठकीत हक्कसोडपत्र म्हणजे काय ते वाचून समजावून घ्यावे. सणाच्या आठवड्यात कोणत्याही कागदावर सही करायची नाही, "महिन्याने सांगते" एवढेच म्हणायचे, असा गटाचा नियम करावा. एकटीला 'नाही' म्हणणे जड जाते, गटाचा नियम सांगणे सोपे जाते. वडिलांच्या जमिनीचा सातबारा आता संगणकावर पाहता येतो, तो प्रत्येकीने एकदा तरी पाहावा. वारस नोंदीत आपले नाव आहे का ते तपासावे. नुसत्या तोंडी शब्दाने किंवा साध्या कागदावरच्या सहीने स्थावर मालमत्तेतला हक्क सुटत नाही, त्याला नोंदणी लागते, हे लक्षात ठेवावे. फसवून किंवा दमदाटीने सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येते. वेळ दवडू नये. ज्यांना विचारपूर्वक, खरोखर राजीखुशीने वाटा सोडायचा आहे त्यांनी जरूर सोडावा. पण सोडण्याआधी तो आपला होता हे घरात मोठ्याने म्हटले जावे.

आणि आपल्यापैकी ज्या कोणाच्या नणंदा आहेत त्यांनी आपल्या घरातही डोकावावे. भावाच्या घरी वाटा मागणाऱ्या आपण, नणंदेचा वाटा निघाला की गप्प होतो का? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिल्याशिवाय ही लढाई पुढे जाणार नाही.

तुमच्या गटात, गावात कोणी बहिणीने वाटा मागितला असेल, कोणी भावाने आपणहून दिला असेल, तर जरूर लिहा. अशा हकिगती पुढच्या अंकात छापू. त्या वाचून आणखी एखाद्या घरी ओवाळणीच्या ताटाशेजारी सातबाऱ्याचा उतारा ठेवला जाईल, तिचे नाव असलेला.

दिवाळीच्या शुभेच्छा!

— संपादक मंडळाच्या वतीने