बटु-दीर्घिकांचा वायु

औंढा नागनाथनजीक गुरुत्वलहरींची वेधशाळा व्हावयाची ठरल्यापासून आमच्या हिंगोली जिल्ह्यांत घरोघरीं आकाशाच्या गोष्टी निघूं लागल्या आहेत. परवां रात्रीं ओसरीवर नातीनें विचारलें, “आजोबा, तारे वायूपासून घडतात ना? मग तो वायु कधीं संपत नाहीं?” प्रश्न मार्मिक होता, परंतु त्याचें उत्तर औंढ्याच्या यंत्राकडे मागून उपयोग नाहीं. त्यासाठीं पुणें जिल्ह्यांतील खोडदकडे वळावें लागतें.

तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. कै. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली ही रेडिओ-दुर्बीण हायड्रोजन वायूच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी टिपते. वायु आपणांकडे येत असेल तर लहर किंचित् आंखूड होते, दूर जात असेल तर लांबते. त्यावरून त्याचा वेग कळतो. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांचे रशियन सहकारी काराचेन्त्सेव्ह यांनीं या दुर्बिणीनें साठांहून अधिक लहानशा, मंदप्रभ दीर्घिका पाहिल्या. त्यांचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला.

‘दीर्घिका’ म्हणजे संस्कृतांत लांबट जलाशय. आज ताऱ्यांच्या अफाट समूहास तो शब्द रूढ झाला आहे. त्यांतील ठेंगण्यांस ‘बटु’ म्हणतात. (मुंजींतला बटु आठवून आमच्या घरांत हंसें पिकलें, तें असो.) या बटूंची पकड फार दुबळी. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवतीं सेकंदास सुमारें २२० किलोमीटर वेगानें फिरतो; कॅमेलोपार्डालिस-बी या बटु-दीर्घिकेंतील वायु फिरतो अवघ्या ७ किलोमीटरांनीं, आणि त्याची स्वैर धडपडही जवळजवळ तेवढीच! अशा ठिकाणीं मोठ्या वस्तुमानाचे तारे जन्मले कीं कांहीं दशलक्ष वर्षांत त्यांचे स्फोट होतात आणि तापलेला वायु बांध फुटलेल्या तळ्यासारखा बाहेर धांवतो. जातांना ताऱ्यांच्या पोटीं नुकताच तयार झालेला ऑक्सिजनही घेऊन जातो. या दीर्घिकांत ऑक्सिजन इतका कमी कां, याचें एक कारण हेंच. म्हणजे आज जन्मलेले तारेच उद्यांच्या ताऱ्यांचें साहित्य उधळून टाकतात.

“मग ती दीर्घिका निर्वंश होणार?” नातीचा स्वर पडला.

तसें सरसकट होत नाहीं. बराचसा वायु फार दूर जात नाहीं. निवून पुन्हां आंत कोसळतो आणि कांहीं काळानें तारे पुन्हां घडूं लागतात. शिवाय कोठार दिसतें त्याहून मोठें असूं शकतें. एन्. जी. सी. ३७४१ या बटूचा वायु त्याच्या दृश्य तेजाच्या आठपटींहून दूरवर पसरलेला खोडदच्या दुर्बिणीस आढळला.

“एवढा वायु असून तेथें तारे कां नाहींत?”

तो फार विरळ आहे, इतकेंच आम्हीं सांगितलें. तिचें समाधान झालेलें दिसलें नाहीं.