कॅल्क्युलस बारावीला, पण मशागत पाचवीपासून

अमेरिकेत आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची पोरं शाळेतच कॉलेजचं गणित शिकतात आणि मे महिन्यात एक परीक्षा देऊन कॉलेजचा एखादा पेपर आधीच उरकून टाकतात. या योजनेचे नाव ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, थोडक्यात ‘एपी’. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५५ पासून ती चालवते. कॅल्क्युलसचे त्यात दोन अभ्यासक्रम आहेत. ‘एबी’ साधारण कॉलेजच्या एका सत्राएवढा, ‘बीसी’ दोन सत्रांएवढा. निकाल १ ते ५ श्रेणीत लागतो. ३ किंवा जास्त मिळाले तर पुष्कळ कॉलेजे त्या विषयाचे क्रेडिट देतात, काही मात्र ४ किंवा ५ च मागतात. क्रेडिट मिळाले की वेळ वाचतो, पुष्कळ ठिकाणी फीही वाचते.

कोणी म्हणेल, याचा आमच्या गावाशी काय संबंध? संबंध असा, की आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितातही डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आहेच. आपली पोरं त्याच वयात तोच विषय शिकतात, फक्त त्याचे क्रेडिट कॉलेजात जमा होत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात शाळेतला अभ्यासही क्रेडिटमध्ये मोजण्याची कल्पना आहे. उद्या आपल्याकडेही एपीसारखी सोय झाली, तर तिचा लाभ खेड्यातल्या पोरांना होणार की फक्त शहरातल्या क्लासवाल्यांना, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफील्ड हायस्कूलने देऊन ठेवले आहे. तिथे बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली. बोलिव्हियातून आलेले हायमे एस्कलांटे १९७४ मध्ये तिथे शिक्षक झाले. १९८२ मध्ये त्यांची १८ मुले एपी कॅल्क्युलस पास झाली. परीक्षा घेणाऱ्यांना संशय आला. १४ जणांच्या पेपरांवर बोट ठेवले गेले. त्यातली १२ मुले पुन्हा परीक्षेला बसली आणि बाराही पास झाली. यावर १९८८ मध्ये सिनेमाही निघाला. पण सिनेमात एका वर्षाची जादू दिसते. वास्तविक त्यामागे कित्येक वर्षांची मशागत होती. खालच्या वर्गांचे बीजगणित सुधारले, सुट्टीत जादा तास घेतले, मुख्याध्यापक पाठीशी उभे राहिले.

घाईचा धोकाही तिकडे दिसला आहे. २०१२ मध्ये तिथल्याच गणिताच्या दोन मोठ्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढून बजावले, की मुलांना लवकर कॅल्क्युलसपर्यंत पोचवणे हे शाळेचे अंतिम ध्येय असू नये, आधी पाया पक्का व्हावा. रोपवाटिकेतच रोप पिवळे पडले तर फुलोऱ्यात खताची गोणी ओतून काय होणार?

आपल्याकडे पाया किती कच्चा आहे, ते मला बांधावर दिसते. औषध दर लिटरला २ मिलि, पंप १५ लिटरचा, तर किती घ्यायचे? दहावी झालेला पोरगाही दुकानदाराला विचारतो. ३० मिलि हे उत्तर तोंडी यायला हवे. डोस चुकला तर पैसा जातो, पीकही जाते. म्हणून ‘शेतीच करायचीय, गणित कशाला?’ हे बोलणे आता सोडा.

सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक यांना माझे सांगणे एवढेच. वर्गखोलीला रंग लावण्याइतकीच चौकशी गणिताच्या शिक्षकाचीही करा. जागा रिकामी असेल तर तालुक्याला पाठपुरावा करा. पाचवी ते आठवीत अपूर्णांक, टक्केवारी आणि समीकरणे येतात का, ते समितीच्या बैठकीत विचारा. आणि अकरावीला कोणीतरी सांगितले म्हणून पोरीचे गणित सोडवू नका. इंजिनिअरिंगची वाट तिथेच बंद होते. क्रेडिटची सोय सरकार आज ना उद्या करील. तोवर मुलांचा पाया पक्का करून ठेवणे मात्र गावाच्याच हातात आहे.