आपलाच पैसा, विलंबाने परत

शिक्षण संपवून सप्टेंबरात भारी पगारावर रुजू झालेल्या अमेरिकेतील तरुण वकिलाला वा अभियंत्याला पुढील एप्रिलच्या सुमारास प्राप्तिकराचा घसघशीत परतावा मिळतो. सरकार प्रसन्न झाले, असा त्याचा समज होतो. वस्तुतः परत येतो तो त्याचाच पैसा.

याचे मूळ कपातीच्या गणितात आहे. पगारातून कर कापण्याची पद्धत तेथे १९४३ च्या कायद्याने, युद्धखर्चाच्या निकडीतून रूढ झाली. चालू पगार वर्षभर मिळणार असे गृहीत धरून मालक कर कापतो. कर मात्र प्रत्यक्ष मिळकतीवर बसतो. २०२४ च्या दरांनी, वर्षाला १,२०,००० डॉलर पगाराचा अविवाहित नोकरदार १ सप्टेंबरला रुजू झाला, तर त्या वर्षी त्याच्या हाती ४०,००० डॉलर येतात. अन्य उत्पन्न नसल्यास केंद्रीय प्राप्तिकर सुमारे २,८०० डॉलर होतो. कापले जातात सुमारे ६,१००. घरभाड्याची अनामत आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असतानाच ३,३०० डॉलर सरकारजमा होतात. विवरणपत्राच्या मुदतीनंतर ४५ दिवसांत परतावा दिल्यास सरकारला व्याजही द्यावे लागत नाही.

उपाय नाही असे नाही. वर्षात २४५ दिवसांहून अधिक नोकरी होणार नसेल, तर अंशतः वर्षाच्या हिशेबाने कपात करण्याची लेखी विनंती करता येते. परंतु ती मान्य करणे मालकावर बंधनकारक नाही. भारतात वर्षाच्या अंदाजित पगारावर सरासरी दराने कपात होते. त्यामुळे मध्येच रुजू होणाऱ्यावर हा प्रसंग सहसा येत नाही.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. बोनसवर दहा लाख डॉलरपर्यंत सरसकट २२ टक्के कपात होऊ शकते. वरच्या पायरीवरील कमावत्याचा दर मात्र ३२ वा ३५ टक्के असतो. पतिपत्नी दोघे कमावते असून फॉर्ममध्ये तशी नोंद नसेल, तर तूट आणखी वाढते. गतवर्षी परतावा घेणाऱ्याच्या हाती आता मागणीपत्र येते, प्रसंगी दंडासह.

प्रत्यक्ष मिळकतीनुसार कपात हाच नियम असावा आणि विनंतीची अट जावी, हे न्यायाचे होईल. तोवर परताव्याच्या रकमेवर हुरळून जाण्यापेक्षा पगारपत्रकातील कपातीचा रकाना दरमहा वाचण्यातच शहाणपण आहे.