कार्ड झालं, हे कळतं कसं?

"अजून झालं नाही? एक कार्डच तर आहे!"

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी उत्तर देणंच सोडून दिलं. आई म्हणाली, मैत्रिणी म्हणाल्या, आपल्या वाङ्मय मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दोन हसऱ्या इमोजींसकट म्हणून झालं. कार्ड होतं ग्रंथालयातल्या मामांसाठी. मे अखेरीला ते निवृत्त होणार होते. ते कार्ड मी पाच वेळा केलं, आणि पाचव्यांदा ते जमलं. मधल्या चार वेळी काय चुकलं ते इथं सांगते, कारण त्यातून माझं एक मत बनलंय. ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

आधी गेल्या वर्षीची गोष्ट. झाडलोट करणाऱ्या एक मावशी निवृत्त झाल्या, तेव्हा मंडळातर्फे कार्ड मीच आणलं होतं. समारंभाला तासभर उरला असताना दुकानात गेले, गुलाबांचं, सोनेरी अक्षरांचं एक कार्ड उचललं आणि धावतपळत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आतला मजकूर इंग्रजीत होता. मावशींनी ते उघडलं, हसल्या आणि शेजारच्या मॅडमना विचारलं, "काय लिवलंय ओ ह्यात?" मॅडमनी वाचून दाखवलं. आता सोमवारी सकाळी उठायची कटकट संपली, मजेत झोपा, असा काहीतरी विनोद होता. मावशी पुन्हा हसल्या. नंतर कळलं की त्याच सोमवारपासून त्या टिळकवाडीत दोन घरची कामं धरणार होत्या. त्या कार्डाचं पुढं काय झालं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

म्हणून या वेळी ठरवलं, कार्ड हातानं करायचं.

मामांना तुम्ही सगळे ओळखता. चॅपलच्या मागं जे बकुळीचं झाड आहे, त्याखाली पडलेली फुलं ते सकाळी वेचतात आणि स्टीलच्या वाटीत घालून काउंटरवर ठेवतात. आपण बकुळ म्हणतो, ते ओवळं म्हणतात. पुस्तक परत करताना दोन फुलं हातावर ठेवून "वहीत ठेव, वास जात नाही" असं त्यांनी कुणाला सांगितलं नसेल, असा विद्यार्थी विरळा. हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या पहिल्या कार्डावर काय होतं? जलरंगातले गुलाब. फोनवर बघून काढलेले, गुलाबी, त्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके दवासारखे. फोटो टाकला तर ग्रुपवर वाहवा झाली. एकीनं फक्त विचारलं, "मामांना गुलाब आवडतात काय गं?" मला राग आला. रात्री तो उतरल्यावर कळलं की तिचं बरोबर होतं. ते कार्ड कुणालाही देता आलं असतं. म्हणजे दुकानातलंच होतं, फक्त मी रंगवलेलं.

दुसऱ्या वेळी खरी फुलं घ्यायची ठरली. बाबांच्या जुन्या जाडजूड डिरेक्टरीत टीपकागद घालून बोगनवेल, अबोली, जास्वंद आणि नेच्याची पानं दाबली आणि वर पाटा ठेवला. दोन आठवड्यांनी उघडलं. बोगनवेलीचा रंग छान टिकला, कारण तो रंगीत भाग मुळातच कागदासारखा कोरडा असतो. अबोली बरी निघाली. जास्वंद मात्र काळपट होऊन कागदाला चिकटली. तिच्यात पाणी फार. जे निघालं ते सगळं मी कार्डावर लावलं, कारण मेहनत केली होती ना! आणि तिथंच बिघडलं. कार्ड वनस्पतिशास्त्राच्या जर्नलसारखं दिसायला लागलं. एकही फूल टाकून द्यायला मन तयार नव्हतं, आणि त्या गर्दीत मामा कुठंच नव्हते.

तिसऱ्या वेळी अक्कल आली आणि बकुळ घेतली. पण ती सुकली की तपकिरी होते, आणि माझा कागद होता फिकट पिवळसर. लांबून बघितलं तर चहाचे डाग पडल्यासारखं. त्यात फेव्हिकॉलचे चकचकीत ओघळ. बकुळीचा वास जाऊन फेव्हिकॉलचाच वास यायला लागला. मी ते कार्ड सरळ फाडलं.

उपाय सापडला तो मामांच्याच राज्यात. मोठ्या पुस्तकांच्या कपाटातून त्यांनी मला कलेवरचं एक पुस्तक काढून दिलं, कशासाठी हवंय ते न विचारता. त्यात मेरी डेलनी या इंग्रज बाईंची माहिती होती. जन्म 1700 चा. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागद कातरून फुलं करायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत हजाराच्या जवळपास फुलं झाली. दृष्टी अधू झाली तेव्हा थांबल्या. आज ती चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक पाकळीला वेगवेगळ्या छटांचे बारीक तुकडे, आणि मागं गडद काळा कागद. बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फूल बदलायची गरजच नव्हती, पाठीमागचा रंग बदलायला हवा होता.

चौथ्या कार्डाला मी कोकमाच्या रंगाचा जाड कागद घेतला. फुलं चिकटवायची नाहीत, शिवायची. बकुळीच्या मधोमध भोक असतंच, म्हणून तर तिचा गजरा इतका सहज ओवता येतो. टाचणीनं कागदाला भोकं पाडली आणि सुईदोऱ्यानं एकेक फूल टाचलं. फुलं उठून दिसली, वासही राहिला. मग हाव सुटली. मी गोल हार करायला घेतला, चांगली चाळीस फुलं. तिसाव्या फुलापाशी कागद भोकांच्या रेषेवर फाटला, पोस्टाची तिकिटं फाटतात तसा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी खरंच रडले.

पाचव्या कार्डावर नऊ फुलं आहेत. हार नाही. खालच्या कोपऱ्यात, झाडाखाली पडलेली असतात तशी विस्कटलेली. गाठी झाकायला मागून दुसरा कागद लावला. बाकी जागा मोकळी.

आता आतला मजकूर. इथं मात्र मंडळात खरा वाद झाला. मामा आपल्याशी मराठीत बोलतात, पण त्यांची शाळा कन्नडमधली. पेपर ते कन्नड वाचतात. इतकी वर्षं आपली मराठी पुस्तकं त्यांनी नंबर आणि कव्हरचा रंग बघून काढून दिली आहेत. मी म्हटलं, डावीकडं मराठी लिहू, उजवीकडं कन्नड. काहीजण म्हणाले, मराठी मंडळाचं कार्ड आहे, मराठीतच पाहिजे. बेळगावात हा प्रश्न नाजूक असतो, मला माहीत आहे. माझ्या घरातही आहे. पण कार्ड मंडळाचं असलं तरी वाचणार मामा. त्यांनी ते शेजारच्याकडून वाचून घ्यावं, हे मला पुन्हा बघायचं नव्हतं. शेवटी कन्नड विभागातल्या एका मैत्रिणीनं दोन ओळी लिहून दिल्या. मराठी कुठं कमी झाली नाही.

तर माझं मत असं. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करणं म्हणजे नेहमी कौतुकाचीच बाब नाही. माझी पहिली दोन कार्डं मी माझ्यासाठीच करत होते. फोटो चांगला यावा, मेहनत दिसावी, कुणीतरी 'टॅलेंटेड' म्हणावं. तसं कितीही वेळा केलं तरी कार्ड नुसतं जड होत जातं. तिसऱ्यापासून प्रश्न बदलला. 'अजून काय लावू?' याच्याऐवजी 'हे काढलं तर मामांच्या दृष्टीनं काही कमी होईल का?' असं मी विचारायला लागले. त्यानंतर प्रत्येक वेळी कार्डावरचं काहीतरी कमी झालं, आणि ते त्यांच्या जास्त जवळ गेलं.

कुणी म्हणेल, भावना महत्त्वाची, दुकानातलं दिलं म्हणून काय बिघडलं? काही नाही. छापील कार्डाचा जन्मच मुळी वेळ नसलेल्या माणसासाठी झालाय. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांच्याकडं पत्रांचा ढीग साठला होता. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून चित्र करून घेऊन पहिलं ख्रिसमस कार्ड छापलं. शंभर जणांना एकच शुभेच्छा द्यायची असेल तर ती सोय उत्तम आहे. पण रोज आपल्या हातावर फुलं ठेवणारा माणूस त्या शंभरातला एक नसतो. त्याला तरी वेळ द्यायला हवा. आणि वेळ दिला हे नुसतं सांगून भागत नाही, तो कार्डात उतरावा लागतो.

थांबायचं कधी, हेही यातच कळलं. पाचवं कार्ड झाल्यावर मला सोनेरी किनार द्यावीशी वाटली. ब्रश हातात घेतला होता. मग विचार केला, ही किनार कुणाला हवी आहे? मला. ब्रश धुऊन ठेवला.

फुलांच्या जाडीमुळं कार्ड कुठल्याच पाकिटात मावेना, म्हणून ते कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात घालून दिलं. मामांना वाटलं, कुंदाच आहे. कार्ड हातात घेतल्यावर उघडायच्या आधी त्यांनी ते नाकापाशी नेलं. मग उजवीकडच्या ओळी मोठ्यानं वाचल्या. डावीकडच्या मला वाचायला सांगितल्या. म्हणाले, "आता पावसाळ्यात डब्यात ठेवायला पायजे हे, नायतर बुरशी येईल." एवढंच. मग ते परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारायला लागले.

फोटोत ते कार्ड अगदी साधं दिसतं. ग्रुपवर तीनच लाइक आले. वासाचा फोटो येत नाही, त्याला कोण काय करणार?

पण एक कार्ड अजून राहिलंय, मावशींचं. वर्ष उलटून गेलंय, तरी मला ते करायचंय. त्यांना कुठली फुलं आवडतात, मला माहीत नाही. तीन वर्षं रोज त्यांनी झाडलेल्या वर्गात मी बसले, आणि हे माहीत नाही. कागद आणायच्या आधी या रविवारी टिळकवाडीत जाऊन तेच विचारून येणार आहे.