स्विच डायरेक्ट करणं थांबवा

पावसाळ्यानंतर आलेल्या पत्रांत एकच मागणी पुन्हा पुन्हा दिसते. ‘बीएस-६ गाडी खड्ड्यात आपटली की इंजिन बंद पडतं. साइड स्टँडचा स्विच डायरेक्ट केला की तक्रार मिटते. कुठल्या मॉडेलच्या कुठल्या वायरी जोडायच्या आणि कुठल्या तोडायच्या, याचा तक्ता छापा.’

हा तक्ता आम्ही छापणार नाही.

खड्ड्यात इंजिन बंद पडतं तेव्हा बहुतेक वेळा स्विच आपलं काम चोख करत असतो. पिव्होट बोल्ट झिजलेला असतो, स्प्रिंग ओढली गेलेली असते, त्यामुळे दणका बसला की स्टँड बोटभर खाली लोंबतो. चुंबक सेन्सरसमोरून सरकतो, ईसीयूला स्टँड खाली असल्याची खबर मिळते आणि गाडी गियरमध्ये असल्याने तो इंजिन बंद करतो. दोष स्टँडात आहे आणि आपण मेस्त्री कापतो वायर. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण त्याच्या गाडीचा स्टँड लूज तो लूजच राहतो, आणि आता तो खाली राहिला तरी इंजिन बंद पडणार नाही. पहिल्याच डाव्या वळणावर गाडी कलली की स्टँड रस्त्याला टेकतो, मागचं चाक उचललं जातं आणि माणूस फेकला जातो. युरोपात १९९३ च्या निर्देशानेच हे बांधून टाकलं: एकतर स्टँड आपोआप वर गेला पाहिजे, नाहीतर तो खाली असताना इंजिनाच्या जोरावर गाडी पुढे जाता कामा नये. आपल्याकडे एप्रिल २०२० नंतर ही सोय साध्या कम्यूटर गाड्यांपर्यंत पोचली. ती आपण दहा मिनिटांत काढून टाकतो आहोत.

लूज स्टँडवरचे आपले उपायही तपासायला हवेत. बोल्ट लांब पान्याने करकचून आवळणं हा सर्वात वाईट. तो खांद्याचा बोल्ट आहे. तो दाबला की ब्रॅकेटचे कान स्टँडला चावतात, स्टँड जड होतो आणि पूर्ण वर जात नाही. जुनं ग्रीस आणि चिखल साफ करा, नवं ग्रीस भरा, बोल्ट बसवून किंचित मागे घ्या, मग बोल्ट पान्याने धरून ठेवून लॉक नट आवळा. टॉर्क मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तरीही खेळ राहिला तर भोक लंबगोल झालंय; तिथे वायसर घालून भागणार नाही, बुश बसवावा लागेल. ब्रॅकेटला आर्क वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्टर काढा. स्प्रिंग बदलताना आतली-बाहेरची जोडी असेल तर दोन्ही बदला.

आता खरी अडचण. वाचक लिहितात, पार्ट काउंटरवर पिव्होट बोल्ट मागितला की ‘सुटा येत नाही, अख्खा स्टँड घ्या’ असं उत्तर मिळतं. मग गिऱ्हाईक नको म्हणतं आणि मेस्त्री बाजारातला साधा, पूर्ण आट्यांचा बोल्ट घालतो. ज्या बोल्टवर उभ्या गाडीचं वजन कलतं, त्याच्या आट्याच भोकाला कानस मारत राहतात. एवढासा बोल्ट सुटा विकायला कंपन्यांना काय अडचण आहे, हे त्यांनी जाहीरपणे सांगावं. आणि परिवहन खात्यानेही एका गोष्टीचं उत्तर द्यावं. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. त्या काळात मालक पीयूसीसाठी वारंवार रांगेत उभा राहतो, नळकांड्यात नळी जाते, धूर मोजला जातो, पावती मिळते. त्याच गाडीचा स्टँड, ब्रेक, टायर बघायची नियमित सक्ती कुठेच नाही. १५ वर्षं गाडीखाली वाकून बघणारा माणूस एकच: आपण.

म्हणून सांगतो, सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक गाडीचा स्टँड हाताने हलवून बघा आणि जॉब कार्डवर तशी नोंद करा. गिऱ्हाइकाला दोन वाक्यं सांगा: स्टँडवर उभ्या गाडीवर कुटुंबाला बसवून ठेवू नका; उतारावर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा आणि पहिला गियर टाका, कारण गाडी पुढे घरंगळली की स्टँड मिटतो. ज्यांनी स्विच डायरेक्ट केले आहेत त्यांनी त्या गाड्या बोलावून जोडणी पूर्ववत करावी, मजुरी न घेता.

आणि तक्ता छापायचाच, तर तो वेगळा छापू. मॉडेल, वर्ष, पिव्होट बोल्टच्या खांद्याचा व्यास व लांबी, आट्यांचं माप, लॉक नटचं माप: व्हर्नियरने मोजून पोस्टकार्डावर पाठवा. झिजलेल्या भागाचं माप नको, न झिजलेल्या भागावरच मोजा. तक्ता हातात आला की लेथवाल्याकडून योग्य पोलादात बोल्ट करून घेता येतील, आणि कंपन्यांकडे सुटा बोल्ट मागतानाही तोच पुढे ठेवता येईल.