माकडटोपी आणि नारिंगी जाकीट

गेल्या रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात आक्काचा फोन. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मुक्काम टिळकवाडी. तिचा मुलगा, माझा भाचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो. आक्का नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "अरे, त्याचं लेकरू यंदा बापाबरोबर पक्ष्यांच्या शिकारीला जाणार म्हणतंय. ते पण हरणांवर बंदुका चालतात त्या दिवसांत! तू तिथं जाऊन आलायस, तूच सांग काय ते."

आमच्या सौ. धारवाडकडच्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आक्काला सांगितलं, "हुषारागि इरु अंत हेळ्री." वाचकहो, घरात दोन भाषा नांदत असल्या की हे असं होतं. मराठीत हुशार म्हणजे परीक्षेत नंबर काढणारा. कन्नडमध्ये हुषार म्हणजे सावध. आक्काचा नातू बारा वर्षांचा आहे आणि मराठीतला हुशार आहे, यात शंका नाही. काळजी आहे ती कन्नडमधल्या हुषारीची.

२०२३ साली दिवाळी आटोपून आम्ही दोघं भाच्याकडे गेलो होतो. तिथं नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या नऊ दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं रायफली घेऊन रानात असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे हे ऐकून पोटात गोळा येतो. पण त्या एका राज्यात दहा लाखांहून जास्त हरणं आहेत, आणि शिकार हा तिथं परवाना काढून, नियम पाळून करायचा घरगुती प्रकार आहे. शिकार करावी की करू नये, हा वाद आज नको. आक्काचा प्रश्न जिवाचा होता.

पक्ष्यांची शिकार वेगळी. ग्राऊस नावाचा रानकोंबडीच्या कुळातला पक्षी तिथल्या कोवळ्या ॲस्पेनच्या दाट रानात राहतो. त्याचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. म्हणजे हरणांचे नऊ दिवस बरोबर त्याच्या मध्ये येतात. शेजारच्या मिशिगन राज्याने यावर सरळ उपाय काढला आहे. तिथं १५ ते ३० नोव्हेंबर हरणांची बंदूक चालते आणि तेवढे दिवस ग्राऊसची शिकार बंद असते. विस्कॉन्सिनमध्ये दोन्ही एकाच वेळी चालू. एकाच रानात एकजण रायफल घेऊन गप्प बसलेला, दुसरा छर्ऱ्याची बंदूक आणि कुत्रा घेऊन झुडपं तुडवत चाललेला.

भाच्याच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना आपसात म्हातारबाबा म्हणायचो. त्यांच्या कुत्रीचं नाव डेझी, जात जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. आपला मुधोळ कुत्रा नजरेने शिकार हेरतो आणि वाऱ्यासारखा तिच्यामागे सुटतो. ही जात नाकाने हेरते आणि वास लागला की जिथल्या तिथं पुतळ्यासारखी उभी राहते. मग मालकाने पुढे जाऊन पक्षी उठवायचा. डेझीचा रंग गडद तपकिरी. नोव्हेंबरातल्या वाळक्या पानांत हरणाचा रंग कसा दिसतो, ते मी सांगायला नको.

मंगळवारी, २१ नोव्हेंबरला, म्हातारबाबांनी आम्हा मामा-भाच्यांना बरोबर यायचं आमंत्रण दिलं. थंडी बेळगावच्या डिसेंबरलाही लाजवेल अशी. मी बेळगावहून नेलेली तपकिरी माकडटोपी चढवली, गळ्याला पांढरा मफलर गुंडाळला आणि मोठ्या रुबाबात गाडीत जाऊन बसलो. म्हातारबाबांनी माझ्याकडे बघितलं, इंजिन बंद केलं आणि घरात परत गेले. येताना एक जाकीट आणि एक टोपी घेऊन आले. दोन्ही झगझगीत नारिंगी. "प्रोफेसर, हे घातल्याशिवाय तुम्ही गाडीतून उतरायचं नाही. आणि तो मफलर इथंच ठेवा."

हा रंग आपल्या भगव्यासारखा नव्हे. रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या जाकिटाचा असतो तसला, डोळ्यांत घुसणारा. तो अतिनील प्रकाश शोषून दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत फेकतो, म्हणून अंधूक उजेडातही पेटल्यासारखा दिसतो. गंमत अशी की माणसाला एवढा टोचणारा हा रंग हरणाला टोचत नाही. हरणाच्या डोळ्यांत तांबडा रंग ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्याला नारिंगी आणि हिरवट-तपकिरी यांत फारसा फरक कळत नाही. विस्कॉन्सिनने १९४५ साली हरणांच्या शिकाऱ्यांना लाल कपडे सक्तीचे केले. पण संधिप्रकाशात लाल काळपट दिसतो, म्हणून १९८० पासून हा नारिंगी आला, आणि २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. हरणांवर बंदूक चालते त्या दिवसांत पाणपक्ष्यांचे शिकारी सोडून प्रत्येक शिकाऱ्याच्या कमरेवरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग या रंगाचा असावा लागतो. टोपी घातली तर तीही निम्मी. ही सक्ती माणसांना आहे, कुत्र्याला नाही. म्हातारबाबांनी डेझीलाही छातीपोट झाकणारं नारिंगी जाकीट घातलं होतं, गळ्यात घंटी बांधली होती आणि उपग्रहावरून ठिकाण दाखवणारा पट्टा लावला होता. घंटी असताना पट्टा कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पक्ष्याचा वास लागला की ती थांबते. ती थांबली की घंटी थांबते. म्हणजे ती दिसायला सगळ्यात जास्त हरणासारखी असते, तेव्हाच मुकी असते."

पहिल्या वाहनतळावर तीन पिकअप उभ्या होत्या. म्हातारबाबा उतरलेच नाहीत. दुसऱ्यावर एक, तिथंही नाही. तिसरा मोकळा मिळाला तेव्हा अकरा वाजले होते. हरणांचे शिकारी पहाटे आणि सांजवेळी जास्त असतात, म्हणून हे भर दुपारचं, तेही आठवड्याच्या मधल्या वारी जाणं. पहिल्या शनिवार-रविवारी तर ते घराबाहेर पाऊलच टाकत नाहीत.

रानात शिरल्यावर म्हातारबाबा आणि भाचा मोठमोठ्याने बोलत चालले होते. शिकारीला गप्प जातात अशी माझी समजूत. पण इथं गप्प राहणं हाच धोका. थोड्या वेळाने नाक गळायला लागलं म्हणून मी खिशातून पांढरा रुमाल काढला. भाच्याने झडप घालून माझा हात खाली दाबला. "मामा, आत ठेव!" तिथलं हरीण पळताना शेपूट वर उचलतं आणि शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. झुडपाआड पांढरं काही हललं की शिकाऱ्याच्या मनात पहिलं नाव हरणाचं येतं. मला मफलरची गोष्ट तेव्हा उमगली. नाक बाहीला पुसलं. प्राध्यापकाला शोभत नाही, पण पुसलं.

चालता चालता भाच्याने सगळं समजावून सांगितलं. त्याने तिथला शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केलेला आहे. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सहसा तो केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. बंदूक भरलेलीच आहे असं धरून हाताळायची. नळी नेहमी सुरक्षित दिशेला. नेम कशावर आहे, त्याच्या पुढे काय आणि पलीकडे काय, याची खात्री करायची. बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापापासून लांब. हे चार नियम तिथली मुलं पाढ्यांसारखे म्हणतात.

यातला "पलीकडे काय" हा तुकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पक्ष्यांसाठी वापरतात ते बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरवर दम टाकतात. हरणाच्या रायफलीची गोळी मात्र चुकली तर चार-चार किलोमीटर जाऊ शकते. म्हणजे ज्याला तुम्ही दिसतही नाही, त्याचीही गोळी तुमच्यापर्यंत येते. पण पक्ष्यांचा शिकारीही साधुसंत नव्हे. ग्राऊस पायाशी फडफडाट करून उठला की माणूस दचकून बंदूक फिरवतो. पक्षी खालून उडत असेल तर मागे धावणारा आपलाच कुत्रा छर्ऱ्यांत सापडतो. म्हणून पक्ष्यामागे स्वच्छ आकाश दिसल्याशिवाय बार काढायचा नाही. आणि हरणांच्या हंगामात तेवढंही पुरत नाही, कारण हरणांचा शिकारी चार-पाच मीटर उंच मचाणावर बसलेला असतो. बरोबर पक्षी उडतो त्या उंचीवर!

तासाभराने डेझी एका गच्च झाडीत शिरली. घंटी किणकिणत होती. मग थांबली. म्हातारबाबांनी हातातल्या यंत्रावर बघितलं, साठ मीटर पुढे. ते एक पाऊल टाकणार, तोच पलीकडून आवाज आला, "कुत्रा आहे! तुमचा कुत्रा आहे इथं!" आम्ही तिघेही जागीच उभे राहिलो. म्हातारबाबांनी बंदूक मोडून काडतुसं बाहेर काढली, मग ओरडून उत्तर दिलं. झाडीपलीकडे खोडाला टेकून एक तरुण माणूस बसला होता, अंगभर नारिंगी. तो दुसऱ्या रस्त्याने पहाटेच आत आला होता, त्याची गाडी आम्हाला दिसणंच शक्य नव्हतं.

तो डेझीकडे बघत म्हणाला, "आधी पाय दिसले. तपकिरी, बारीक चार पाय. बाकी सगळं पानांत. मी दुर्बीण लावली तेव्हा जाकिटाची कड दिसली."

दुर्बीण लावली. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघितलं नाही. तिथं पुष्कळांना रायफलीवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळायची खोड असते, आणि त्यात डोळा जिकडे तिकडे नळी जाते. त्या पोराला कोणी शिकवलं होतं, देव जाणे. त्या बापाचा किंवा आजोबाचा मी आजही ऋणी आहे. "डुक्कर समजून गोळी झाडली" अशा बातम्या आपल्याकडच्या जंगलपट्ट्यातही अधूनमधून छापून येतात, आणि मरणारा बहुतेक वेळा बरोबर गेलेलाच कोणीतरी असतो. त्या दर वेळी कुणीतरी हललेलं बघितलं होतं, पण काय हललं ते बघितलं नव्हतं.

म्हातारबाबांनी त्या तरुणाची बैठक मोडल्याबद्दल माफी मागितली, डेझीला दोरी लावली आणि आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. एकही बार निघाला नाही. परतताना वाटेत हरणाची आतडी पडली होती. शिकारी हरीण जागेवरच साफ करतात. डेझी ती हुंगायला ओढ घेत होती, तिला आवरता आवरता म्हातारबाबांचे हात दुखले. गाडीत कोणी फारसं बोललं नाही. घरी आल्यावर ते भाच्याला एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून हे नऊ दिवस डेझी घरीच." मला वाटतं, इतक्या वर्षांच्या शिकाऱ्याला हे म्हणायला जड गेलं असणार.

हे सगळं मी आक्काला फोनवर सांगितलं. मग भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, नऊ दिवस आम्हीपण नाही जात. पण त्यानंतर लगेच दहा दिवस तोंडातून ठासायच्या बंदुकीचा हंगाम असतो, तेव्हाही नारिंगी घालावंच लागतं. आईला सांग, पोराला कोर्स करूनच नेतोय." मी म्हटलं, ते पुढचे दहा दिवसही सोडा की. आधीचे दोन महिने काय कमी आहेत? तो "बघतो" म्हणाला. या "बघतो"चा पिच्छा मी सोडणार नाही.

आक्काचं समाधान झालं की नाही, ठाऊक नाही. तिने नातवासाठी टोपी विणायला घेतली. काल संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर खडेबाजारातल्या तीन लोकरींचे फोटो आले, तिन्ही भगव्या. मी कळवलं, हा रंग चालत नाही, टोपी तिकडेच घेऊ दे. तू आतून घालायची बंडी वीण, तिला कुठलाही रंग चालेल. पांढरा मात्र नको.